गेमिंग पीसी : पार्ट बदलण्याआधी मोजा

नाशिक आणि परिसरातल्या वाचकांचे गेमिंग पीसीबद्दलचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : कोणता पार्ट बदलू? आमचं उत्तर बहुतेक वेळा ‘अजून कुठलाच नको’ असं आहे. का, ते पुढे येतंच.

प्रश्न (सिडको) : दादा, मी स्वतः जोडलेला हा पहिलाच पीसी. रायझन ५ ९६००एक्स, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड. बटण दाबलं की पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. बऱ्याचदा बंद-चालू करून पाहिला. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला असेल. बदलून घेऊ का?

उत्तर : थांब. तुझं ते बंद-चालू करणं हीच अडचण असू शकते. एएम५ सॉकेटच्या (तुझा प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डावर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसली की बोर्ड तिच्याशी सिग्नलच्या वेळा जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि त्याला काही मिनिटं सहज लागतात. मध्येच बंद केलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. त्यामुळे एकदा चालू कर, पंधरा मिनिटं हात लावू नकोस. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्येच आहे ना, तेवढं तोवर बघून घे.

त्यानंतरही काही दिसलं नाही तर बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे शोध. बहुतेक बोर्डांवर ते २४ पिनच्या कनेक्टरच्या आसपास असतात आणि त्यांच्यापाशी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असं लिहिलेलं असतं. जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडली आहे.

सीपीयूचा दिवा लागून राहिला तर आमचा पहिला संशय बायोसवर, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरवर. तुझा प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आला आणि बी६५० बोर्ड ऑक्टोबर २०२२ पासून विकले जातायत. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुनं बायोस असेल, तर त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. बोर्ड धडधाकट असतो, दुकानदार मात्र तो ‘गेला’ म्हणून मोकळा होतो. बोर्डाच्या मागच्या पट्टीवर फ्लॅशबॅक किंवा क्यू-फ्लॅश प्लस असं बटण असेल, तर प्रोसेसर न ओळखताही बायोस बदलता येतं. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून अगदी तुझ्याच मॉडेलची फाइल उतरव. बोर्डावर रिव्हिजन नंबर छापलेला असेल तर तोही जुळायला हवा. फाइल अनझिप करून मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला दे आणि ती पेनड्राइव्हवर उघड्यावरच ठेव, फोल्डरमध्ये नको. २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन अशा दोन्ही केबल लावून एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं स्विच चालू ठेव, पीसी मात्र चालू करू नकोस. खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून बटण तीनेक सेकंद दाबून धर. दिवा लुकलुकायला लागेल आणि काही मिनिटांनी थांबेल. काही बोर्डांवर तो पाच सेकंदांतच स्थिर होतो. तसं झालं तर फाइलचं नाव किंवा फॉरमॅट चुकलं असं समज. काम चालू असताना लाइट गेली तर पंचाईत होऊ शकते, म्हणून हे यूपीएसवरच कर.

सीपीयूच्या दिव्याचं दुसरं कारण अगदी साधं आहे : बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिन लावायची राहिलेली असते. ती ४+४ अशी दुभंगते, कार्डाची ६+२ अशी. दोन्ही दिसायला सारख्या, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट. सहज बसत नसेल तर जोर लावू नकोस, केबल चुकली आहे. आणि मित्राकडच्या दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल कधीही उसन्या आणू नकोस. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि त्यात एसएसडी, हार्ड डिस्क क्षणात जळतात.

डीरॅमचा दिवा असेल तर एकच स्टिक घे आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाब. अनेक बोर्डांवर लॅच एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू अर्धवट राहते. दोन स्टिकची जागा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. व्हीजीएचा दिवा असेल तर कार्ड काढून ठेव आणि केबल बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टला लाव. ९६००एक्समध्ये छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे ही चाचणी तुला जमेल. रायझन ५ ५६०० किंवा नावापुढे ‘एफ’ असलेले इंटेलचे प्रोसेसर असलेल्यांनी हे करू नये, त्यांना बोर्डाच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही.

एवढ्यावरही सुटलं नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढ आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, बस्स. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की चालू होईल. बाहेर चालला तर कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्डाखालचा टेकू) चुकीच्या भोकात राहून बोर्डाच्या पाठीला शॉर्ट करतोय. बाहेरही नाही चालला तर प्रोसेसर काढून सॉकेट तिरप्या उजेडात बघ. एएम५ मध्ये १७१८ पिना बोर्डावरच असतात, एखादी जरी वाकली तरी ओळीतली चमक तुटलेली दिसते. दुकानात जाण्याआधी सॉकेटचा स्पष्ट फोटो काढून ठेव. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि ती कोणाच्या हातून वाकली यावर नंतर वाद होतात.

पडदा उजळला की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं सेटिंग) चालू कर. नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहील. एक्स्पो चालू केल्यावर ट्रेनिंग पुन्हा होतं, तेव्हा परत घाबरू नकोस.

प्रश्न (जुनं नाशिक) : वाड्यातलं घर आहे. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात, अनवाणी असलो तर जास्तच. हेडफोनमध्ये घूं असा आवाज येतो. एसएमपीएस एकदा बदलून झालं. आता दुसऱ्या कंपनीचं घ्यावं का?

उत्तर : तिसरं घेतलंत तरी मुंग्या येतीलच. तुमच्या घराला अर्थिंग नाही, किंवा ते कुठेतरी तुटलं आहे.

प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह मिलिअँपिअरहून कमी असल्याने झटका बसत नाही, मुंग्या येतात. पण उद्या एसएमपीएसच्या आत फेजची तार पत्र्याला लागली, तर फ्यूज उडवायला वाट नाही. मग मामला मुंग्यांवर थांबणार नाही.

डिजिटल मल्टिमीटर घ्या, एसी ७५० व्होल्टची रेंज लावा. तारा सॉकेटमध्ये खुपसण्याची सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास यायला हवं, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ८० किंवा १२० असं भलतंच आलं तर अर्थची तार हवेत आहे. मीटर २३० दाखवत असलं तरी एक शंका उरते, कारण मीटरला नगण्य प्रवाह पुरतो. म्हणून जाणता वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावून बघतो. तो पूर्ण तेजाने लागला तर अर्थिंग भार घेतंय, मिणमिणला तर ते नावापुरतं आहे. घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो पडेल. तो पडलाच पाहिजे.

वाड्यांमध्ये अनेकदा जुनी दोन तारांचीच वायरिंग असते. वर तीन पिनचा सॉकेट लावला म्हणजे अर्थिंग आलं असं होत नाही. कोणी ‘मागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतो, काम होईल’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल तुटला की तीच जोडणी कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट आणते. नळाच्या पाइपला तार बांधणंही तसंच, आता पाइप बहुतेक प्लॅस्टिकचे आहेत. योग्य उपाय म्हणजे आवारात अर्थिंगचा खड्डा आणि तिथून पीसीच्या बोर्डापर्यंत वेगळी हिरवी तार, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आपल्याकडे खाली काळा पाषाण, वर थोडी माती. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग ढिलं पडतं, म्हणून मार्च ते जून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालत जा. हेडफोनमधली घूंही बहुधा याच कामात जाईल.

प्रश्न (नाशिक रोड) : घरात इन्व्हर्टर आहे. लाइट गेल्यावर साधं काम चालू असेल तर पीसी टिकतो, गेम चालू असेल तर रीस्टार्ट होतो. एसएमपीएस ५५० वॅटचं आहे. ७५० चं घेऊ?

उत्तर : वॅटचा इथे संबंध कमी आहे. लाइट जाणं आणि इन्व्हर्टर उचलून धरणं यात एक पोकळी असते. तेवढा वेळ एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर पीसी चालवतो. एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकानुसार हा वेळ मोठ्या भारावर सुमारे १६ मिलिसेकंद. भार कमी असेल तर तोच साठा जास्त पुरतो, म्हणून तुमचा पीसी साध्या कामात वाचतो आणि गेममध्ये पडतो.

इन्व्हर्टरच्या मागे एक स्विच असतो : यूपीएस आणि नॉर्मल, काहींवर इको. तो यूपीएसवर करा. नॉर्मलवर इन्व्हर्टर १०० ते २९० व्होल्टपर्यंत काहीही सहन करत बसतो आणि बदलही सावकाश करतो. यूपीएसवर मर्यादा साधारण १८० ते २६० ची आणि बदल १० मिलिसेकंदांच्या आसपास. याने बहुतेकांचं काम होतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना, तेही बघा. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर आजचे अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज खेचणं सुधारणारं सर्किट) असलेले एसएमपीएस कुरकुरतात, कधी बंदच पडतात.

वेगळा यूपीएस घ्यायचा असेल तर व्हीए आणि वॅट यांची गल्लत करू नका. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. मध्यम गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० ते ३५० घेतात, म्हणजे तो काठावरच. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्या आणि त्याच्याकडून सेव्ह करून बंद करण्यापुरत्या पाच-दहा मिनिटांचीच अपेक्षा ठेवा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की यूपीएसवर विसंबू नका. प्लग काढा आणि सोबत नेटची लॅन केबलही काढा. तिकडून आलेला झटका बोर्डाचं पोर्ट घेऊन जातो, आणि ती केबल कोणाच्याच लक्षात राहत नाही.

प्रश्न (सातपूर) : कोअर आय७ १३७००के, १२ जीबीचं कार्ड. काही गेम सुरू होतानाच ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणून बंद पडतात. १६ जीबीचं कार्ड घेतलं तर थांबेल?

उत्तर : नाही. संदेश कार्डाचं नाव घेतो, दोष बहुधा प्रोसेसरचा आहे. अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचे गेम सुरुवातीला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) उलगडतात. ते काम प्रोसेसर करतो, तिथे आकडा चुकला की गेम गोंधळून व्हिडिओ मेमरीवर बोट ठेवतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे झीज होण्याचा दोष होता. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आले. ते बायोस अपडेटमधून मिळतात.

आधी खात्री करा. बायोसमध्ये पी-कोअरचा गुणक (मुख्य कोअरचा वेग ठरवणारा आकडा) तात्पुरता ५० वर आणा. त्यानंतर तेच गेम बिनतक्रार चालले तर चोर सापडला. मग ताजं बायोस टाका आणि ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये मायक्रोकोडचा क्रमांक दिसतो. पण झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. अपडेटनंतर गुणक मूळ जागी नेल्यावर गेम पुन्हा पडले तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा. या प्रोसेसरांसाठी इंटेलने खोक्यातल्या मालाची वॉरंटी तीनावरून पाच वर्षांवर नेली आहे. बिल आणि खोक्यावरचा सिरीयल नंबर लागेल. ट्रेमधला सुटा प्रोसेसर असेल तर ज्याने पीसी जोडून दिला त्याच्याकडे जावं लागेल.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : रायझन ५ ७६००, सोबत आलेलाच कूलर. मे महिन्यात प्रोसेसर ९३ अंशांवर, गेम अडखळतो. घराला लागून द्राक्षबाग आहे, धूळही खूप. लिक्विड कूलिंग करावं का?

उत्तर : लिक्विड कूलरही खोलीतल्याच हवेने थंड होतो. खोली ३८ अंशांवर असेल तर त्याच्याकडूनही चमत्कार नाही. ७६०० ची मर्यादा ९५ अंशांची आहे, तिथे पोचला की तो वेग कमी करतो, जळत नाही.

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून अर्धा तास तोच गेम खेळा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटला श्वास नाही : समोर सलग काच, जाळी धुळीने बुजलेली, किंवा सगळेच पंखे हवा बाहेर फेकणारे. दोन-तीनच अंश फरक पडला तर कूलर आणि प्रोसेसर यांच्यातला संपर्क बघा. पेस्ट वाळली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका द्या आणि स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. कूलर नंतर बदलला असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढली होती ना? हसू नका, ती राहिलेली असते.

बायोसमधला इको मोड ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वर आणतो. गेममधला फरक बहुधा जाणवणार नाही, तापमानातला जाणवेल. शिवाय फुकट आहे. तरीही भागलं नाही तर चार हीट पाइपांचा साधा टॉवर कूलर घ्या, लिक्विडपेक्षा स्वस्त आणि गळण्याची भीती नाही.

बागेचं म्हणाल तर भुरीसाठी गंधकाची भुकटी मारतात त्या वेळी खिडक्या लावा आणि पीसी बंद ठेवा. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांना गंधक फारसं काही करत नाही, पण उघडं तांबं आणि चांदी काळी पाडतं. कॅबिनेट जमिनीवरून फूटभर उचला. सफाईला व्हॅक्यूम क्लीनर नको, स्थिर विजेचा धोका असतो. हँड ब्लोअर चालेल, पण प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगात फिरला तर बेअरिंग जातं.

प्रश्न (गंगापूर रोड) : मुलगा गेमिंग पीसीच्या मागे लागलाय. विजेचं बिल किती वाढेल?

उत्तर : ३०० वॅट धरा. रोज चार तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. तुमच्या बिलावरच्या स्लॅबच्या दराने गुणा. या ३६ युनिटांनी तुम्ही पुढच्या स्लॅबमध्ये जाता का, तेही बघा. यादी त्यालाच करायला सांगा, पण एसएमपीएसच्या जागी नुसतं ‘६५० वॅट’ लिहिलं असेल तर कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं विचारा. पैसे वाचवायला पहिली काट तिथेच मारली जाते.

प्रश्न (इंदिरानगर) : १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला, काही फरकच वाटत नाही.

उत्तर : विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन बघा, तिथे अजून ६० असेल. १६५ चा पर्यायच दिसत नसेल तर खोक्यातली डिस्प्लेपोर्ट केबल लावा.

प्रश्न (आडगाव) : विंडोज ११ टाकल्यापासून व्हॅलोरंट हा गेम ‘व्हॅन ९००३’ दाखवून बंद होतो. बायोसमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना विंडोजची सही तपासणारी सोय) चालू केलं तर विंडोजच सुरू होईना!

उत्तर : तुमच्या डिस्कची विभागणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. सिक्युअर बूटला यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) लागतं आणि यूईएफआयला जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत). आत्ता बायोस पूर्वीसारखं करा, विंडोज परत येईल. मग डेटाचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून बिटलॉकर तात्पुरता थांबवा. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे. ते अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’ असं चालवा. डेटा जात नाही, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. कन्व्हर्ट झाल्यावर लगेच बायोसमध्ये जा, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा, एफटीपीएम किंवा पीटीटी (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू आहे ना ते बघा, आणि एकदा विंडोज नीट सुरू झाल्यावरच सिक्युअर बूट चालू करा. चालू करूनही स्थिती ‘नॉट अ‍ॅक्टिव्ह’ दिसली तर त्याच पानावर ‘फॅक्टरी कीज’ इन्स्टॉल करण्याचा पर्याय असतो, तो निवडून रीस्टार्ट करा.